ग्रामपंचायतीत रॅक बसवताय? आधी भिंत पाहा, अर्थिंग पाहा



एरवी या पानावर मी मावा-तुडतुडे आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. आज एका लोखंडी पेटीवर लिहितो आहे. विस्तार अधिकाऱ्याचा या पेटीशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध असा, की सातबारा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, पीक विम्याचा अर्ज, अनुदानाची यादी हे सगळं आता ज्या तारेतून येतं-जातं, ती तार ग्रामपंचायतीच्या खोलीत येऊन या पेटीत संपते. विम्याच्या शेवटच्या दिवशी पेटीतले दिवे विझलेले असले, की माणसं तालुक्याला पळतात, दिवसाची मजुरी बुडते, आणि शिव्या मात्र कृषी खात्याला बसतात.

गावोगाव हिंडताना या पेट्या मी पाहतो. बंद पडलेली पेटी उघडून पाहिली तर आतलं यंत्र मुळात सदोष निघाल्याचं क्वचितच आढळतं. भिंतीला ओल असते, प्लगच्या तिसऱ्या भोकात तारच नसते, बॅटरी फुगलेली असते, नाहीतर उंदराने केबल कुरतडलेली असते. म्हणजे बिघाड जागेचा, नाव यंत्राचं. बसवणारी टोळी दोन-चार तासांत काम उरकून पुढच्या गावाला जाते. त्यांना एका दिवसात तीन गावं करायची असतात. जागा तयार करणं हे गावाचं काम आहे आणि ते टोळी यायच्या आधी व्हायला हवं. वाफसा नसताना पेरणी करून बियाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पेटीत असतं काय?

थोडी मागची माहिती. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ साली तिचं नाव भारतनेट झालं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं. त्यात गावं एकामागे एक रांगेत न जोडता गोलात, म्हणजे रिंगमध्ये जोडायची आहेत. कॅनॉलच्या टेलवरच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. वर कुठे फुटलं की खाली पाणी नाही, तसं रांगेतल्या जोडणीचं होतं. वरच्या गावात जेसीबीने केबल तोडली की खालची सगळी गावं बंद. रिंगमध्ये एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहतं. मात्र त्यासाठी केबल दोन दिशांनी येते आणि खोलीत जास्तीची यंत्रं बसतात. पूर्वी भिंतीवरच्या डबीएवढ्या यंत्रावर भागत होतं, आता रॅक लागतो.

रॅक म्हणजे दोन उभ्या पट्ट्यांची चौकट. कोणत्याही कंपनीचं यंत्र असो, त्याच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच असते. उंची मोजायची ती 'यू'मध्ये. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, नेमकं सांगायचं तर ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूला तीन चौकोनी भोकं असतात. ग्रामपंचायतीत बहुधा ६ ते १२ यूचा, भिंतीवर टांगायचा रॅक येतो. ९ यूच्या रॅकमध्ये आतली जागा पावणेसोळा इंच. यंत्रं किती आणि प्रत्येक किती यूचं हे आधी विचारून बेरीज करा, वर दोन-तीन यू मोकळे राहतील असं पाहा. पुढेमागे सीसीटीव्हीची नाहीतर शाळेच्या जोडणीची पेटी आली, तर तिला जागा हवी.

खोली आणि भिंत

आधी खोली निवडा. सरपंचांच्या खुर्चीमागची भिंत शोभेला बरी, पण ती पश्चिमेची असेल तर मे महिन्यात दुपारनंतर तापते. अशा बऱ्याच यंत्रांची मर्यादा ४० अंशांच्या आसपास लिहिलेली असते, मागचा कागद वाचून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच ४४-४५ अंश असतं. पत्र्याच्या छताखाली, दार लावलेल्या रॅकमध्ये काय होत असेल याचा अंदाज करा. म्हणून स्लॅबची, उत्तर किंवा पूर्व भिंतीची, वारा खेळणारी खोली घ्या. वर स्लॅब गळत नाही ना, पलीकडे संडास-न्हाणीघर नाही ना, भिंतीतून पाण्याचा पाइप गेलेला नाही ना, हे पाहा. खिडकीतून पावसाची झड आत येते तिथेही नको.

आता एक गोष्ट, जी टोळीतलं कुणी सांगणार नाही. ग्रामपंचायतीच्या आतल्या खोलीत बहुतेक ठिकाणी पाणी शुद्धीकरणाच्या टीसीएल पावडरीची पोती असतात. त्या पोत्यातून क्लोरीनचा वास येत राहतो आणि तोच वायू लोखंड-तांब्याला खातो. वर्षभरात खिळे, कड्या, कुलपं गंजतात हे शिपायाला माहीत असतं. त्याच खोलीत रॅक टांगला तर आतल्या पट्ट्यांचं तेच होणार. वाटपासाठी आलेला युरिया, औषधांचे डबे, फवारणी पंप यांचंही तसंच. युरिया हवेतली ओल ओढतो, आणि अमोनियाची वाफ तांबं-पितळ खराब करते. एक तर पोती हलवा, नाहीतर रॅक दुसऱ्या खोलीत घ्या. पोत्यावर प्लास्टिक झाकून भागत नाही.

भिंत ठोकून पाहा. नऊ इंची पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर १० मिलिमीटरचे चार लोखंडी फास्टनर पुरतात. साडेचार इंची आडभिंत टाळा. यंत्रांसह रॅकचं वजन सहज तीस-चाळीस किलो होतं, आणि दार उघडताना तो पुढे ओढला जातो. जुन्या चावडीची दगड-मातीची भिंत असेल तर ड्रिलमधून लाल किंवा करडी भुकटी येण्याऐवजी माती येते. तिथे फास्टनर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या पावसाळ्यात ढिला होतो. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यातही भोक मोठं होतं. अशा ठिकाणी भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्या, किंवा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा घोडा करून रॅक त्यावर ठेवा. लाकडी गुटका ठोकून काम भागवू नका, तो आकसतो.

उंचीचं सांगायचं तर रॅकचा तळ जमिनीपासून चार फूट असावा. समोर तीन फूट मोकळं हवं, नाहीतर दार उघडत नाही आणि काम करणारा कपाटावर चढून बसतो. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या कार्यालयांत पाणी आलं, तिथे चार फुटांचा हिशेब सोडा. पाणी कुठवर आलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, रॅक त्याच्या वर टांगा.

केबल बाहेरून आत येते त्या भोकाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी झोळावरून गळून जातं. मग भोक बुजवा. उंदीर, मुंग्या आणि पाली याच वाटेने येतात. कापडाचा बोळा उंदराला काही करत नाही. तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट करा. रिंगच्या दोन केबली असतील तर दोन वेगळ्या बाजूंनी आत घ्या. दोन्ही एकाच चरातून आणल्या तर एकाच कुदळीत दोन्ही जातात, मग रिंगला अर्थ काय उरला?

रंगरंगोटी, फरशी, गिलाव्याची दुरुस्ती हे सगळं आधी उरका. चुन्याची आणि सिमेंटची धूळ यंत्राच्या पंख्यात गेली की ती आत चिकटून बसते.

वीज

रॅकसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढा, तिला स्वतःचा ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी द्या. नळपाणी योजनेची मोटर ज्या बोर्डावर आहे तिथून जोड घेऊ नका. मोटर सुरू होताना दिवे कसे मंद होतात ते आपण रोज पाहतो, त्या झटक्याला यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होतं. एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत ठेवू नका. सॉकेट रॅकच्या आत किंवा अगदी शेजारी, पक्कं बसवलेलं हवं.

बॅटरीचा हिशेब शेतकऱ्याला अवघड नाही. समजा रॅकमधली सगळी यंत्रं मिळून १०० वॅट खातात. पाच तास वीज गेली तर ५०० वॅट-तास लागले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ९००. इन्व्हर्टर त्यातलं थोडं खातो, हाती सातशेच्या आसपास राहतात. नवी बॅटरी सात तास जाईल. पण त्याच इन्व्हर्टरवर सरपंचांचा पंखा, टीव्ही आणि लेझर प्रिंटर जोडला तर तासाभरात खेळ खलास. लेझर प्रिंटर तापताना एकदम कित्येक शे वॅट ओढतो, त्या झटक्याला यूपीएसच बंद पडतो. तो सरळ साध्या लाइनवर ठेवा.

बॅटरी रॅकमध्ये ठेवू नका. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेटणारा वायू आहे, आणि आम्लाची वाफ यंत्राला खाते. जमिनीवर लाकडी किंवा प्लास्टिकच्या तळावर, उघड्या हवेत, पोरांच्या हाताबाहेर ठेवा. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशाला बॅटरीचं आयुष्य निम्मं होत जातं, म्हणून तिलाही उन्हाची भिंत नको. पाणी भरायची असेल तर महिन्याला पातळी पाहायची आणि डिस्टिल्ड पाणीच घालायचं. आरओचं किंवा पावसाचं चालतं हा गैरसमज आहे.

आणि मंडळी, एक कटू गोष्ट. बिल थकून मीटर कापलेल्या कार्यालयात लाखाची यंत्रं बसवून उपयोग नाही. थकबाकीचा विषय मासिक सभेत आधी घ्या.

अर्थिंग: इथेच सगळं अडतं

तीन पिनांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. बऱ्याच जुन्या कार्यालयांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते. काही ठिकाणी वायरमनने न्यूट्रलच तिसऱ्या पिनेला जोडून दिलेला असतो. हा प्रकार जीवघेणा आहे. बाहेर न्यूट्रल तुटला की रॅकच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात. दार उघडायला हात लावणारा ऑपरेटर पोरगा तिथेच चिकटेल. मोटरच्या स्टार्टरला शॉक लागून गेलेली माणसं आपल्या तालुक्याने पाहिली आहेत, इथे तेच घडू शकतं.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मल्टिमीटरने तीन मापं तुमच्या डोळ्यांसमोर घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप नेमकं शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेत का ते बोर्ड उघडून पाहायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवण्याची पद्धत आहे, तिच्यावर समाधान मानू नका. त्यात अर्थ आहे एवढंच कळतं, चांगलं आहे की नाही ते कळत नाही, आणि करणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. जमिनीचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा लागतो. अशा यंत्रांसाठी तो ५ ओहमच्या खाली हवा, एकच्या जवळ असेल तर उत्तम.

खड्डा कुठे घ्यायचा हे मात्र आपण वायरमनपेक्षा चांगलं सांगू शकतो, कारण हा मातीचा विषय आहे. तुमच्या माती परीक्षणाच्या अहवालात विद्युत वाहकता असा एक रकाना असतो. आपण तो क्षारांसाठी पाहतो, पण नावातच सगळं आलं. ओल आणि क्षार असलेल्या मातीतून वीज सहज जाते. काळी जमीन चांगली, मुरूम वाईट, उघडा खडक त्याहून वाईट. काळ्या जमिनीची खोड एकच, ती उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि रोध एकदम वाढतो. म्हणून खड्ड्यात बेंटोनाइट भरतात. बेंटोनाइट हा काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणमातीचाच भाऊबंद, पाणी धरून ठेवतो आणि इलेक्ट्रोडला बिलगून राहतो. पूर्वीची मीठ-कोळशाची पद्धत अजून चालते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता पाइप गंजवतं. विहिरीच्या किंवा आडाच्या जवळ तर मीठ घालूच नका. खारपाण पट्ट्यातल्या गावांत रोध आपोआप कमी येतो, पण लोखंड लवकर सडतं, तिथे तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या.

खड्डा इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर लांब, जमेल तर नळाच्या सांडपाण्याजवळ घ्या, ओल टिकते. अडीच-तीन मीटर खोल जावं. मुरमाड जमिनीत एकाने भागत नसेल तर रॉडच्या लांबीइतक्या किंवा जास्त अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा. आणि मोजणी मे महिन्यात करा. पावसाळ्यात सगळ्याच जमिनी पास होतात.

तिथून हिरवी तांब्याची तार सरळ रॅकपर्यंत आणा. रॅकला रंग असतो, रंगावर बोल्ट आवळला तर वीज जात नाही. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून तार आवळा, दाराला वेगळी तार द्या. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही हे खरं. पण जमिनीखालून येणाऱ्या पुष्कळ केबलींना उंदरापासून संरक्षणासाठी पोलादी पत्रा असतो आणि वीज पडली तर तो पत्रा वाट देतो. तोही अर्थला बांधायला टोळीला आठवण करा.

हत्यारं

फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन, प्रकाश मोजायचा पॉवर मीटर, काच कापायचं क्लीव्हर ही महागडी हत्यारं टोळी आणते. गावाने काय ठेवायचं? सहा फुटी शिडी, हॅमर ड्रिल आणि १० मिलिमीटरचा बिट, मोजपट्टी, पेन्सिल, पाणसळ किंवा ओळंबा, पाने, टेस्टर, बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. गवंड्याकडे निम्मं मिळतं. केज नट बसवायचा छोटा आकडा मागून घ्या. केज नट म्हणजे चौकोनी भोकात अडकणारी स्प्रिंगची नट, बहुधा ६ मिलिमीटर स्क्रूची. ती पेचकसाने बसवताना बोट फाटतं आणि निसटून यंत्रात पडते.

बसवण्याच्या दिवशी

आधी भिंतीवर खुणा, पाणसळ लावून. मग भोकं, मग झाडलोट, आणि त्यानंतरच यंत्रांचे खोके उघडायचे. रिकामा रॅक टांगा, त्याला दोन माणसं लागतात. टांगल्यावर खाली ओढून पाहा. जड यंत्र खाली, हलकं वर, तापणाऱ्या यंत्राच्या वर एक यू मोकळा. वीज आणि नेटच्या तारा एकाच जुडग्यात बांधू नका, फूटभर अंतर राहू द्या. फायबरला दोरीसारखी गाठ किंवा कोपऱ्यात घडी चालत नाही. केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्येचं वळण ठेवा, ओढताना वीसपट. टाय करकचून आवळू नका.

शाळा, अंगणवाडी, उपकेंद्राला जोड द्यायचा असेल तर तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच. आणि तीही छपरावरून, झाडावरून उघड्यावर नेऊ नका. वीज पडली तर दोन्ही टोकांची यंत्रं जातात. इमारतीबाहेर जायचं तर फायबरच घ्या.

फायबरचे कापलेले तुकडे केसाइतके बारीक काचेचे असतात. अंगात घुसले तर दिसत नाहीत. टोळीला बाटलीत गोळा करायला लावा, आणि काम झाल्यावर पोरांना अनवाणी खोलीत सोडू नका. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून 'उजेड येतो का' असं कुणी पाहू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो.

सही कधी करायची?

दिवे हिरवे झाले की टोळीतला माणूस कागद पुढे करतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पेन खिशातच ठेवावं आणि तीन गोष्टी करून घ्याव्यात. पॉवर मीटरवर येणारा प्रकाश मोजून आकडा कागदावर लिहून घ्यावा. सध्याच्या जीपॉन पद्धतीत तो उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत लागतो. उणे २७ ला टेकलेला असेल तर पहिल्याच पावसात जोड जाईल, सांधे पुन्हा तपासायला लावा. दुसरं, मेन स्विच पाडून अर्धा तास बसावं आणि बॅटरीवर सगळं चालतं का पाहावं. रिंग असेल तर एक बाजू काढून दुसरीवर चालतं का तेही दाखवायला सांगावं. तिसरं, न्यूट्रल-अर्थचं माप पुन्हा एकदा घ्यावं. या तासाभराला टोळी कुरकुर करते, करू द्या. सही झाल्यावर तीच तक्रार करायला तुम्हाला महिने जातील.

मग रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवा. कोणती तार कुठे जाते, प्रकाशाचा आकडा किती होता, अर्थिंग कधी मोजलं, तक्रार कुठे करायची. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना तेच नाव लिहा. एक किल्ली कार्यालयात, एक ऑपरेटरकडे. उरलेल्या केज नट आणि जादा पॅच कॉर्ड पिशवीत घालून दप्तराच्या कपाटात ठेवा. तिसरी किल्ली असेल तर तीही त्याच पिशवीत, रॅकच्या आत नको. आत ठेवलेल्या किल्लीपायी चांगल्या रॅकचा पत्रा कापलेला मी पाहिला आहे.